अलिबागच्या पुढचं तीन दिवसांचं मौन रिट्रीट: पाचातले चार स्टार, आणि पर्समधली चावी

आधी तक्रारी लिहून टाकते, कारण एकदा कौतुकाला लागले की त्या राहून जातील. गादी काथ्याची आणि मधोमध खड्डा पडलेली, माझ्या आधी झोपून गेलेल्या सगळ्या पापी लोकांचा आकार तिच्यात उतरलाय. गरम पाणी सकाळी साडेपाच ते सव्वासहा, त्यानंतर नळाला येतं ते थेट खाडीतून आल्यासारखं गार. डास म्हणजे विचारू नका. चहा पाकासारखा गोड. आणि बुकिंगचा फोन कोणी उचलतच नाही, मी चार दिवस लावला, पाचव्या दिवशी उचलला तर पलीकडची बाई कुजबुजत बोलायला लागली, मला वाटलं नेटवर्क गेलं, नंतर कळलं की तेव्हा तिथे आधीची बॅच मौनात बसली होती.

तरी पाचातले चार देतेय. नाव मुद्दाम लिहीत नाही, गाद्यांबद्दल एवढं बोलल्यावर नाव टाकणं बरं दिसत नाही. अलिबागच्या पुढे रेवदंड्याच्या बाजूला नारळ-सुपारीच्या वाडीत हे घर आहे, ख्रिस्ती लोकांनी येऊन गप्प बसावं आणि प्रार्थना करावी म्हणून चालवलेलं. ज्यांना जायचंय त्यांनी आपापल्या पॅरिशच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, ऑफिसात विचारा, सांगतील.

आता मी कोण आणि का गेले ते सांगते, नाहीतर रिव्ह्यूला अर्थ नाही. मी वसईची, शाळेत मराठी शिकवते, आणि गेली बावीस वर्षं आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांच्या गटात, आहे. त्यातली पंधरा मीच लीड करते. रविवारची मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, लग्नं, मयत, काहीही असो, आमच्या घरी आधी माझी गाण्याची डायरी निघते आणि मग स्वयंपाकाचं बघतो. मी सेवा करते असं मी म्हणायचे. आमचे मिस्टर म्हणायचे राज्य करतेस. झालं असं की नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला फादरांनी एका कॉलेजातल्या मुलीला स्तोत्र गायला दिलं. पहिल्या वाचनानंतर प्रतिसाद स्तोत्र असतं ना, एकटीनं गायचं आणि लोकांनी धृपद म्हणायचं, ते. ते माझं आहे. म्हणजे कुठे लिहिलेलं नाहीये, पण माझं आहे. मी कोणाला एक शब्द बोलले नाही हां, त्या मुलीला उलट शाबासकी दिली, फक्त घरी आल्यावर पुढचे दोन महिने भांडी जरा जोरात घासली. शेवटी उपवासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, लागल्यावर मिस्टरांनीच कोणाकडून तरी नंबर आणला आणि म्हणाले तू जाऊन ये, आपल्या कपबशांवर दया कर.

गुरुवारी निघाले. वसईहून चर्चगेट, तिथून गेटवे, गेटवेहून लाँचने मांडवा, त्याच तिकिटात अलिबागपर्यंत बस, आणि अलिबागहून एसटी. हा प्रवास स्वतंत्र पाच स्टारचा आहे, लाँचमागे सीगल उडत असतात आणि लोक त्यांना वेफर्स टाकतात, अर्धं मन तिथेच हलकं होतं. तीन रात्रींचे १८०० रुपये घेतले, त्याला देणगी म्हणतात पण पावती देतात, आणि ज्याला परवडत नाही त्याच्याकडून कमी घेतात, विचारपूस न करता, हे मी समोर बघितलं.

पोचल्यावर पहिलं काम म्हणजे फोन जमा. काउंटरवरच्या सिस्टरांकडे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात नावाची चिठ्ठी लावून फोन टाकायचा आणि झाकण बंद. इमर्जन्सीसाठी ऑफिसचा लँडलाईन, तो नंबर घरी देऊन ठेवायचा. मी म्हटलं सिस्टर मला रविवारच्या गाण्यांचे मेसेज येतील. त्या हसल्या आणि डब्याचं झाकण जरा दाबून बसवलं.

वेळापत्रक असं की सकाळी एक छोटं प्रवचन, मग बायबलमधला एकच उतारा घेऊन तासभर एकटीनं बसायचं, असं दिवसातून चार वेळा, मध्ये मिस्सा, रात्री आठ ते नऊ आराधना, आणि रोज अर्धा तास एका मार्गदर्शकाशी बोलायचं. बोलायला परवानगी फक्त त्या अर्ध्या तासात. जेवताना, जिन्यावर, वाडीत, कुठेही चकार शब्द नाही. आम्ही चौदा जण होतो, तीन दिवसांनी निघताना एकमेकांची नावं विचारली. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या काकांना मी मनात बँक मॅनेजर ठरवलं होतं, ते निघाले बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे.

ही सगळी पद्धत संत इग्नाशियसची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्पेनमधला लोयोलाचा सरदार घराण्यातला माणूस, १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून पाय मोडला, अंथरुणावर पडल्या पडल्या वाचायला शौर्याच्या गोष्टी मागितल्या, तर घरात नव्हत्या, ख्रिस्ताचं आणि संतांचं चरित्र मिळालं. त्यानं पडून एक गोष्ट हेरली. लढाया आणि राजघराण्यातल्या बाईची स्वप्नं रंगवताना मजा यायची पण नंतर कोरडं वाटायचं, आणि संतांसारखं जगायचं स्वप्न बघितलं की नंतरही आनंद टिकायचा. बास, एवढ्याशा निरीक्षणावर सगळं उभं आहे. पुढच्या वर्षी मान्रेसा गावात जाऊन राहिला, तपश्चर्या केली, वहीत टिपणं काढत गेला, आणि त्याच टिपणांना १५४८ साली पोपनी मान्यता दिली. पूर्ण साधना तीस दिवसांची असते, आमचं तीन दिवसांचं म्हणजे ट्रेलर, असं रिट्रीटचे फादर स्वतःच म्हणाले.

त्या साधनेचा हेतूच मुळी असा सांगितलाय की माणसानं कुठल्याही वेड्यावाकड्या ओढीच्या तालावर न नाचता आयुष्याचे निर्णय घ्यावेत. म्हणजे मोकळं व्हावं. आणि त्यासाठी सुरुवातीलाच एक पायाभूत विचार आहे, तो पहिल्या रात्री दिला: माणूस देवाची स्तुती, आदर आणि सेवा करण्यासाठी घडवलाय, बाकी जगातलं सगळं त्याला त्यासाठी मदत म्हणून, तेव्हा जे जेवढं मदत करतं तेवढं वापरावं, जिथे अडवतं तिथे बाजूला ठेवावं. आरोग्यच हवं, आजार नको, पैसाच हवा, गरिबी नको, मानच हवा, अपमान नको, मोठंच आयुष्य हवं, छोटं नको, असा हट्ट धरू नये. आरोग्याला मी ठीक म्हटलं. पैशाला पण, मास्तरणीला काय फरक पडतो. मानाला आल्यावर माझी खुर्ची अचानक टोचायला लागली.

शुक्रवारची फादरांची प्रवचनं. चांगली होती, लांब होती, माइक मध्येच शिट्टी मारायचा, आणि चौदा माणसांना माइक लागतो कशाला हे मला अजून कळलेलं नाही. विषय बायबलमधलं पौलाचं गलतीकरांना पत्र, म्हणजे येशूचा प्रेषित पौल यानं गलतीया भागातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं. तिथल्या लोकांनी ख्रिस्तावर विश्वास ठेवला, मोकळे झाले, आणि मग काही जण येऊन सांगायला लागले की तेवढ्यानं भागत नाही, सुंता करा, अमुक नियम पाळा, तमुक दिवस पाळा. पौल चिडतो. तो म्हणतो ख्रिस्तानं तुम्हाला मोकळं केलं ते मोकळं राहायला, पुन्हा मान जोखडात घालू नका. आणि लगेच पुढे म्हणतो, हे मोकळेपण मनमानीसाठी वापरू नका, प्रेमानं एकमेकांचे दास व्हा. मी वहीत लिहिलं, मोकळे पण आणि दास पण? हे कसं काय? कारण तोच पौल रोमच्या लोकांना लिहिताना पहिल्याच ओळीत स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवतो.

फादरांनी याचं उत्तर दिलं, धर्मशास्त्रातलं, मी निम्मं विसरले. माझं मला जे सुचलं ते असं. क्वायरमध्ये नवीन पोरं येतात, त्यांना सुरात गायला सांगितलं की बंधन वाटतं, मिस आम्हाला फ्री गाऊ द्या. देते. मग जे निघतं ते फ्री नसतं, बेसूर असतं, आणि पुढची ओळ कुठून उचलायची हेही कळत नाही त्यांना, तिथेच अडकतात. ज्याचा सा पक्का लागलाय तोच कुठेही फिरून येऊ शकतो. सा ला धरलेला माणूस मोकळा. भक्ती म्हणजे बहुतेक असंच काहीतरी, असं मला शुक्रवारी दुपारी नारळाखाली बसून वाटलं आणि स्वतःवर खूश झाले, इतकी खूश की संध्याकाळी मार्गदर्शक सिस्टरांना मोठ्या ऐटीत सांगितलं.

या सिस्टर म्हणजे या जागेचा खरा ऐवज. पंचाहत्तरीच्या पुढे असतील, आयुष्य रायगडच्या आदिवासी पाड्यांवर गेलेलं, बोलणं त्या पाड्यांचंच, साधं आणि कापून काढल्यासारखं. माझं सा पुराण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान. आणि तुझा सा कोण गं, देव का क्वायर?" मी म्हटलं सिस्टर क्वायर देवाचीच आहे. त्या म्हणाल्या बरं. एवढंच. बरं. रात्री झोप लागली नाही, आणि त्याला फक्त गादी कारण नव्हती.

जेवणाबद्दल दोन शब्द, कारण लोक तेच विचारतात. उत्तम. उपवासकाळातला शुक्रवार म्हणून मटण-चिकन नाही, पण मासे चालतात, तर ताजे बोंबील तळलेले, वालाचं बिरडं, भात, सोलकढी, आणि अलिबागचा पांढरा कांदा नुसता चिरून, तो इतका गोड असतो की मी फळासारखा खाल्ला. उपवासकाळात एवढं चविष्ट जेवणं योग्य का असा प्रश्न पडला पण मौन असल्यामुळे कोणाला विचारता आला नाही. स्वयंपाकाच्या मावशी कोर्लईच्या. कोर्लई खाडीपलीकडचं गाव, तिथले ख्रिस्ती लोक अजून घरात पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात, तिला ते नौ लिंग म्हणतात, म्हणजे आपली भाषा. १७४० साली इथून पोर्तुगीज गेले, तरी भाषा राहिली. मावशींना मौनाचा नियम लागू नाही, त्या मदतनीस मुलीशी आत बोलत असायच्या आणि आम्ही चौदा जण गप्प जेवता जेवता ते ऐकायचो. अर्थ काही कळायचा नाही, चाल तेवढी ऐकू यायची. मला ते प्रवचनापेक्षा जास्त लक्षात राहिलंय.

तर शनिवार. सकाळी ओडोमास शोधायला पर्स उपडी केली आणि त्यातून चावी पडली. क्वायरच्या कपाटाची. माझ्या पोटात गोळा आला. त्या कपाटात उपवासकाळाच्या गाण्यांच्या फाईली, दोन माइक आणि कीबोर्डचा अडॅप्टर. दुसऱ्या दिवशी आठची मिस्सा. डुप्लिकेट नाही, कारण मी करू दिली नव्हती, कारण लोक फाईली नेतात आणि आणून ठेवत नाहीत, आणि ते खरंच आहे, पण तेवढंच खरं नाही.

मी सरळ सिस्टरांच्या दारात. माझी वेळ दुपारची होती, तरी घेतलं आत. म्हटलं मला ऑफिसातून एक फोन करायचाय, चावी माझ्याकडे राहिलीये. त्या म्हणाल्या कर की, ऑफिस उघडंच आहे. मग विचारलं, "फोन केल्यावर काय होईल?"

मी म्हटलं त्यांना कळेल की चावी माझ्याकडे आहे.

"मग?"

मग ते कुलूप तोडतील.

"आणि फोन नाही केला तर?"

तर… तरी कुलूपच तोडतील.

"नवं केवढ्याला येतं?"

दीडशे-दोनशे.

"हं," म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "कर बाय फोन, मी काय नाय म्हणत नाय."

मी ऑफिसच्या दारापर्यंत गेले, खोटं नाही सांगत, हात रिसिव्हरवर ठेवला. आणि तेव्हा डोक्यात आलं की चावी काही तारेतून वसईला जाणार नाहीये. फोन करून त्यांचं काहीच सुटणार नव्हतं. फोन मला हवा होता, तिकडून कोणीतरी अरे देवा मिस आता तुमच्याशिवाय कसं करायचं असं म्हटलेलं ऐकायला. बावीस वर्षांत एवढी लाज मला वाटली नव्हती. रिसिव्हर तसाच ठेवून परत आले. आता कोणी म्हणेल त्यात काय मोठं, एक फोन नाही केला. मोठं काहीच नाही. मी फक्त सांगतेय की पैसे भरून जी वस्तू मिळते ती नक्की काय असते.

परत गेल्यावर सिस्टरांनी उतारा दिला. मला वाटलं होतंच, मार्थाची गोष्ट येणार. येशू घरी आलाय, मरिया पायाशी बसून ऐकतेय, मार्था कामानं घायकुतीला आलीये आणि तक्रार करते की हिला सांगा मला मदत करायला, आणि येशू म्हणतो मार्था तू फार गोष्टींची काळजी करतेस. बायकांच्या प्रत्येक रिट्रीटमध्ये ही गोष्ट असते आणि दर वेळी मला मार्थाचीच कीव येते, सगळे पायाशी बसले तर जेवण कोण करणार. पण सिस्टरांनी ती दिली नाही. त्यांनी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय दिला, म्हणाल्या पहिल्या आठ ओळी वाच आणि मार्था कुठे आहे ते शोध.

तेच बेथानी गाव, तेच भाऊबहिणी. मार्था-मरियेचा भाऊ लाजर मरून परत उठलाय आणि येशूबरोबर जेवायला बसलाय. मरिया महागडं जटामांसीचं तेल आणून येशूच्या पायाला लावते आणि केसांनी पुसते. आणि मार्थाबद्दल जेमतेम दोन शब्द, ती वाढत होती. बास. म्हणजे मार्थानं काम सोडलेलंच नाही! तेच घर, तीच पंगत, तीच वाढणारी, आणि बहीण आज पण कामाला नाही, ती आज पण पायाशीच आहे, वर वर्षभराच्या मजुरीएवढं तेल ओतून बसलीये. फक्त मार्था काही बोलत नाही. कुरकुर नाही, इकडेतिकडे बघणं नाही, हिला सांगा नाही. मी बावीस वर्षं हा उतारा ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात ऐकतेय आणि मार्था तिथे आहे हे कधी दिसलंच नव्हतं.

तक्रार मात्र त्या पंगतीत पण आहे, ती करतो यहूदा, पुढे येशूला पकडून देणारा शिष्य. हे तेल तीनशे दीनारांना विकून गरिबांना का नाही दिलं म्हणतो, ऐकायला किती बरोबर वाटतं. आणि योहान लगेच खाली सांगतो की याच्याकडे पैशाची थैली असायची. थैली सांभाळणारा. मी चावी मुठीत घेऊन बसले होते, मी ती बघितली आणि पुस्तक मिटलं. थोडा वेळ समुद्राकडे जाऊन आले.

त्या संध्याकाळी कन्फेशन होतं, म्हणजे फादरांसमोर पापांची कबुली. आत काय बोलले ते इथे लिहिणार नाही, पण एक सांगते, दर वेळी मी यादी घेऊन जाते, रागावले, खोटं बोलले, प्रार्थना चुकवली, वाण्याच्या बिलासारखी. या वेळी एकच गोष्ट सांगितली आणि ती सांगायलाच दहा मिनिटं लागली. मग आराधनेला बसले. तिथे गाणी होती रेव्हरंड टिळकांची, आपले रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले नारायण वामन टिळक, कॅथलिक-प्रोटेस्टंट सगळे गातात ती. फादरांनी आधी दोन मिनिटं सांगितलं की टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पुढे बरीच वर्षं मिशनची नोकरी केली, आणि १९१७ मध्ये ती सोडून दिली, हिंदू-ख्रिस्ती न बघता सगळ्यांनी मिळून येशूचं शिष्य व्हावं म्हणून देवाचा दरबार उभा करायला निघाले, दोनच वर्षांत वारले. पगारी देवकार्य सोडून देवाकडे निघालेला माणूस. मला मध्येच प्रश्न पडला की बायकोला, लक्ष्मीबाईंना, घरखर्चाचं कसं सांगितलं असेल, पण तो वेगळा विषय. मी त्या दिवशी गायले नाही. म्हणजे ओठ हलवले, पण लीड नाही केलं, पेटीवर कोणीतरी एक स्वर खाली धरला होता, मला खुपलं, आणि मी खुपू दिलं. देवासमोर बसून मला काही दिव्य बिव्य दिसलं नाही. फक्त खूप वेळानं लक्षात आलं की मी पुढची ओळ कोणाची आहे याचा विचार करत नाहीये.

आता एक खरी तक्रार, गाद्यांपेक्षा मोठी. शनिवारच्या शेवटच्या प्रवचनात फादर समर्पणावर बोलता बोलता म्हणाले की घरात त्रास असेल तर तोही देवावर सोपवा, सहन करा, क्रूस समजा. मला हे पटलं नाही आणि मी फीडबॅकच्या कागदावर तसं लिहून दिलंय. चौदा जणांत नऊ बायका होत्या. कोणाच्या घरी काय चालतं कोणाला माहीत, आणि नवरा मारत असेल तर त्याला क्रूस म्हणून सहन करायला सांगणं म्हणजे ज्या जोखडातून पौल बाहेर काढतोय तेच परत मानेवर ठेवणं. माझा हट्ट सोडणं वेगळं आणि दुसऱ्याचा जुलूम सोसणं वेगळं. सिस्टरांशी मी हे बोलले, त्या म्हणाल्या पाड्यावर मी अशा किती पोरींना स्वतः पोलीस स्टेशनला घेऊन गेलेय. मग प्रवचन सिस्टरांनाच का देत नाहीत? हा पाचवा स्टार तिथे गेला.

आणि एक सूचना. मनानं आधीच फार खचलेलं असाल, झोप नाही, जगावंसं वाटत नाही, अशी अवस्था असेल तर आधी डॉक्टरकडे जा, मग इथे. तीन दिवस गप्प बसणं अशा माणसाला जड जाऊ शकतं. हे त्यांनी फॉर्मवर पण विचारलं होतं, त्याबद्दल मार्क देते. पिकनिक समजून जाणाऱ्यांनी पण जाऊ नये, बीच जवळ आहे पण पोहायला सोडत नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांनी तळमजल्यावरची खोली मागून घ्या, चॅपल वर आहे.

रविवारी सकाळी शेवटची मिस्सा. उपवासकाळाचा दुसरा रविवार, म्हणजे डोंगरावर येशूचं रूप पालटतं तो उतारा. येशूचा शिष्य पेत्र म्हणतो प्रभू आपण इथेच बरे आहोत, तीन मंडप ठोकू. आपण काय बोलतोय हे त्यालाच कळत नव्हतं असं पुढे लिहिलंय. मला हसू आलं. नक्की त्यानं मंडपाला कुलूप पण लावलं असतं. मिस्सा चालू असताना घड्याळ बघितलं, साडेआठ झाले होते, वसईत स्तोत्र होऊन गेलं असणार. पोटात थोडं हललं, पण गोळा आला नाही.

जेवण झाल्यावर डबा उघडला, फोन हातात. क्वायरच्या ग्रुपवर १३२ मेसेज. मी मांडव्याच्या धक्क्यावर पोचेपर्यंत उघडले नाहीत, हे स्वतःचं कौतुक म्हणून लिहितेय. मग लाँचमध्ये वाचले. शनिवारी संध्याकाळी मिस चावी कुठे मिस चावी कुठे, मिस रिट्रीटला आहेत, अरे देवा, मग कोणीतरी मोबाईलवर गाण्यांचे फोटो टाकले, कीबोर्डऐवजी एकाचा मुलगा गिटार घेऊन आला, कुलूप तोडलंच नाही कोणी. आणि स्तोत्र त्या मुलीनं गायलं, व्हिडीओ होता. लाँचच्या आवाजात कानाला लावून ऐकला. दुसऱ्या कडव्यात चाल चुकलीये तिची. बाकी आवाज फार गोड आहे, हे मला नाताळलाच कळलं होतं.

सोमवारी शाळा सुटल्यावर स्टेशनजवळच्या चावीवाल्याकडे गेले आणि तीन डुप्लिकेट केल्या, चाळीस रुपयाला एक. एक आमच्या चर्चच्या फादरांच्या ऑफिसात, एक गिटारवाल्या मुलाच्या बाबांकडे, एक त्या मुलीला दिली आणि दुसऱ्या कडव्याची चाल सांगायला तिला गुरुवारी घरी बोलावलं. ती म्हणाली मिस, तुम्ही रागावला होतात ना माझ्यावर? मी म्हटलं हो. ओरिजिनल अजून माझ्याच पर्समध्ये आहे.